मुक्काम पोस्ट फिरती

महिन्यातले दहा-बारा दिवस घराबाहेर. त्यातले थोडे कामाचे, बरेचसे वाट बघण्याचे. प्रवासखर्चाच्या बिलात मावत नाहीत अशा, फिरतीच्या नोकरीतल्या काही छोट्या गोष्टी...

रेल्वेच्या डब्यात फिरतीचा माणूस ओळखायला पाच मिनिटं पुरतात. लग्नाला निघालेलं कुटुंब आधी सामान मोजतं, मग माणसं. देवदर्शनाला निघालेली मंडळी गाडीनं फलाट सोडायच्या आत डबे उघडतात. फिरतीच्या माणसाचं तसं नसतं. तो चढतो, बॅग बर्थखाली सरकवतो, साखळी लावून एकदा ओढून बघतो. बूट काढून पिशवीत घालतो, सदरा हुकाला अडकवतो आणि ओळखपत्र वरच्या खिशात ठेवतो. खिडकीबाहेर तो बघत नाही. पहाटे चारला त्याचं स्टेशन येणार असेल, तर साडेतीनला कुणी न उठवता उठून बसतो.

मला हे सगळं ठाऊक आहे, कारण मीही त्यांतलीच. साप्ताहिकाची नोकरी म्हणजे आज नागपूर तर परवा कोलकाता. वाचकांच्या हाती दोन पानांचा लेख पडतो, पण त्या दोन पानांसाठी तीन रात्री गाडीत आणि दोन लॉजवर गेलेल्या असतात. याबद्दल तक्रार नाही. आवडीचं काम आहे. पण या रात्रींमध्ये जी माणसं भेटतात, जे प्रसंग घडतात, ते कुठल्याच लेखात बसत नाहीत. आज म्हटलं, त्यांनाच थोडी जागा द्यावी.

‘फिरती’ हा शब्दही मोठा छान आहे. ‘टूर’ म्हटलं की सहल वाटते. फिरती म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती धुळीनं भरलेली चप्पल, घडी मोडलेला सदरा आणि दारात उभी राहून ‘ते फिरतीवर आहेत, गुरुवारी येतील’ असं सांगणारी बायको. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बी-बियाणांचे विक्रेते, बँकांचे तपासनीस, विम्याचे सर्व्हेअर, यंत्रं बसवून देणारे फिटर... देशभर रोज रात्री किती घरांत एक ताट कमी वाढलं जात असेल, कल्पना करा!

अर्धा बर्थ, पूर्ण ओळख

नागपूरमार्गे जाणाऱ्या हावडा मेलमध्ये मला एकदा आरएसी तिकीट मिळालं. आरएसी म्हणजे काय, हे प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. बाजूच्या खालच्या बर्थवर दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवायची आणि कुणाचं तिकीट रद्द झालं की एकाला उचलून दुसरीकडे पाठवायचं. तोवर दोघांनी पाय कुठे ठेवायचे, हा त्यांचा आपसातला प्रश्न!

माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. नाशिककडचे. दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करण्याचं त्यांचं काम. सोबत एक लोखंडी पेटी, ती त्यांनी मांडीवरच ठेवली होती. मी म्हटलं, ‘‘दादा, खाली ठेवा की.’’ तर म्हणाले, ‘‘ताई, यातलं एक मीटर हललं तर गोंदियात जाऊन मी काय करू? तिथं उद्या सकाळी अकरा पेशंट खोळंबलेत.’’

इगतपुरी गेल्यावर त्यांनी आपणहून तोडगा काढला. ‘‘असं करू. भुसावळपर्यंत तुम्ही पाय पसरा, मी बसतो. भुसावळनंतर मी पडतो, तुम्ही बसा.’’ आणि खरोखरच, भुसावळ येईपर्यंत तो माणूस पेटी मांडीवर घेऊन बसल्या जागी पेंगत राहिला. भुसावळला मी उठले, तेव्हा त्यांनी फलाटावरून दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला, आणि दुसरा संपवून पाचव्या मिनिटाला घोरू लागले. पेटी आता माझ्या मांडीवर होती! अकरा पेशंटांची जबाबदारी नागपूरपर्यंत माझी.

आम्ही एकमेकांना नाव विचारलं नाही. पूर्वी डब्याच्या दारावर चिकटवलेल्या कागदी तक्त्यावर शेजाऱ्याचं नाव आणि वय आधीच वाचायला मिळायचं. २०१८ सालापासून ती पद्धत मागे पडली. आता सगळं तपासनिसाच्या हातातल्या यंत्रात. त्यामुळे अर्धा बर्थ वाटून घेणाऱ्या माणसाचं नावही आपल्याला कळत नाही. पण त्याची पेटी सांभाळायला नाव कशाला लागतं?

ज्या गादीवर आम्ही आळीपाळीनं पाठ टेकली, तिचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या मराठी माणसाची आहे. एके काळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असत. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. राजापूरचे खासदार, साधे राहणारे समाजवादी. त्यांनी ठरवलं, की दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाच्या पाठीलाही गादी हवी. दोन इंचांचा फोम त्या फळ्यांवर आला तो तेव्हापासून. मंत्री येतात, जातात, पण रोज रात्री लाखो पाठींना आठवण देणारं काम किती जणांच्या हातून होतं?

इटारसीची पहाट

मध्य प्रदेशातलं इटारसी हे फिरतीवाल्यांचं जणू तीर्थक्षेत्रच. मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागराजकडे जाणारी आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी वाट इथे एकमेकींना छेदतात. त्यामुळे गाडी बदलायची तर इटारसीला, आणि तीही बहुधा अवेळी. पहाटे तीनला उतरायचं, सहाची गाडी धरायची. मधले तीन तास करायचं काय?

बाईमाणसासाठी याचं उत्तर एकच, लेडीज वेटिंग रूम. बाहेर टेबलाशी बसलेली बाई तिकीट बघते, वहीत नोंद करते आणि मानेनंच आत जा म्हणते. आत गेलं की एक वेगळंच जग असतं. बाकांवर चादरी पांघरून झोपलेल्या बायका, त्यांच्या कुशीत मुलं, आणि पंख्याखाली दोन खुर्च्यांवर वाळत घातलेली ओली साडी!

त्या पहाटे तिथे तिघी जाग्या होत्या. एक सरकारी दवाखान्यातली नर्स, बदलीच्या गावी निघालेली. एक बँकेतली अधिकारी, शाखेच्या तपासणीला जाणारी. आणि तिसरी मी. नर्सबाईंनी थर्मासमधून चहा ओतला. बँकवालीनं शंकरपाळ्यांसारखं काही तरी काढलं. माझ्याकडे ठाण्याहून आणलेले तिखट-मिठाचे शेंगदाणे होते. एकीची हिंदी बुंदेली वळणाची, एकीची तेलुगू, माझी मुंबईची. तरी बोलणं अडलं नाही, कारण विषय एकच होता, घरी मुलाला कोण बघतं?

नर्सबाईंची सासू, बँकवालीचा नवरा आणि माझे वडील. तिघींनी आपापली व्यवस्था सांगितली आणि प्रत्येकीनं दुसरीच्या व्यवस्थेला ‘‘अच्छा है’’ म्हटलं. मग नर्सबाई एकदम म्हणाल्या, ‘‘आपल्या नवऱ्यांना असं कुणी विचारतं का हो, तुम्ही टूरवर आलात तर मुलांना कोण बघतं?’’ आम्ही तिघीही हसलो. झोपलेलं एक मूल कुशीवर वळलं, तशा गप्प झालो.

सहाच्या सुमारास साडी वाळली. ती बँकवालीची होती. सात मिनिटांत नेसून, पदराला पिन लावून, ती अशी उभी राहिली की कुणाला वाटावं, आत्ताच घरून निघाली आहे. तिची तपासणी साडेदहाला होती.

‘येण्याचे कारण’

लॉजचं रजिस्टर तुम्ही कधी नीट वाचलं आहे का? नाव, वय, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचे कारण, सही. पुरुषांच्या ओळी बघाव्यात. कारण या रकान्यात ‘काम’ एवढं लिहिलं की भागतं. वरच्या माणसानं ‘काम’ लिहिलेलं असलं, की खालचे सगळे दोन टिंबं देऊन मोकळे! अख्ख्या पानभर टिंबंच टिंबं.

बाई एकटी आली की त्या रकान्याला तोंड फुटतं. ‘‘एकट्याच आहात?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘मागून कुणी येणार आहे का?’’ हा दुसरा. एका तालुक्याच्या गावी तर व्यवस्थापकांनी खोली आहे, पण तुम्हाला देता येत नाही, असं तोंडावर सांगितलं. नियम दाखवा म्हटलं, तर म्हणाले, ‘‘नियम नाही हो मॅडम, आमची पद्धत आहे.’’ रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गावात दुसरा लॉज होता, तिथल्या वयस्कर मालकानं मात्र एक शब्द न विचारता जिन्याजवळची खोली दिली आणि वर म्हणाला, ‘‘कडी जरा घट्ट आहे, उचलून लावा. आणि जेवायचं असेल तर दहाच्या आत सांगा, आमच्या घरातून ताट येतं.’’ एकाच गावात, दोनशे पावलांच्या अंतरावर, दोन पद्धती.

प्रवासाची मात्र एक चांगली बाजू सांगायला हवी, कारण ती अनेक बहिणींना ठाऊक नसते. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गात महिलांसाठी सहा बर्थचा राखीव कोटा असतो. त्याला वयाची अट नाही. रेल्वे कायदा १९८९ सालचा. त्याचं १३९वं कलम सांगतं, की सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला गाडीतून उतरवण्याची वेळ आलीच, तर ते वाटेल तिथे करता येत नाही. प्रवास जिथे सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही दिवसाउजेडी! गंमत म्हणजे रेल्वेच्या मदतीचा फोन क्रमांकही १३९च आहे. म्हणजे एकच आकडा लक्षात ठेवायचा.

मी आता रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात ‘नोकरी’ असं पूर्ण, सुवाच्य अक्षरात लिहिते. वरच्या ओळीत कुणीही काहीही लिहिलेलं असो, टिंबं देत नाही.

एकट्याचं ताट

फिरतीवर माणूस सगळ्याला सरावतो. गाडीचा खडखड आवाज, लॉजची उशी, खारं पाणी. सरावत नाही ते एकट्यानं जेवायला. खानावळीत शिरलं की वाढपी विचारतो, ‘‘किती जण?’’ एक म्हटलं की तो आपल्याला भिंतीकडच्या टेबलाशी बसवतो. मग समोर बघायला असतं ते कॅलेंडर, नाही तर हात धुवायचं बेसिन.

तरी काही ताटं लक्षात राहतात. इंदूरला सकाळी सात वाजता, वाफेवर मऊ झालेले पोहे, वर शेव, जिरावण आणि बाजूला गरम जिलेबी. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा आपल्या कांदेपोह्यांची आठवण झाली आणि पोह्यांसोबत जिलेबी हा काय प्रकार, असंही वाटलं. आता इंदूर म्हटलं की तीच जोडी आठवते. तंजावरला केळीच्या पानावरचं जेवण. एकटी बाई बघून तिथल्या म्हाताऱ्या वाढप्यानं मला मुद्दाम पंख्याखाली बसवलं आणि दर दोन मिनिटांनी येऊन रसम हवं का, ताक हवं का, असं हातवाऱ्यांनीच विचारत राहिला. खरगपूरच्या फलाटावर डब्यातून खळ्ळ खळ्ळ हलवून दिलेली झालमुडी. ते फलाटही असं लांबलचक, की आपला डबा शेवटी लागला तर झालमुडी चालता चालताच संपावी! १,०७२ मीटर लांबीचं ते फलाट कित्येक वर्षं जगात सर्वांत लांब म्हणून शाळेच्या पुस्तकांत होतं. २०१३ साली गोरखपूरनं त्याला मागे टाकलं आणि २०२३ साली १,५०७ मीटरचं फलाट बांधून आपल्या शेजारच्या हुबळीनं दोघांनाही.

माझ्या वडिलांची नोकरीही फिरतीचीच होती. ते एका औषध कंपनीत एम.आर. होते. मुख्यालय कोल्हापूर. या धंद्यात गावांच्या तीन जाती असतात. एक हेडक्वार्टर. दुसरं एक्स-स्टेशन, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत यायचं. आमच्यासाठी ते सांगली, इचलकरंजी. आणि तिसरं आउटस्टेशन, म्हणजे मुक्काम. रत्नागिरी, बेळगाव. तिन्हींचे भत्ते वेगळे. आम्हा भावंडांना भत्त्याचं काही कळत नव्हतं. आउटस्टेशन म्हणजे बाबा रात्री नसणार, एवढंच कळायचं.

ते तिकडे काय जेवत असतील, हा विचार लहानपणी मनात येण्याचं कारण नव्हतं. मागे एकदा मी बिहारमधून परतले, तेव्हा जेवणाच्या हालाबद्दल बोलणं निघालं आणि बाबा सहज बोलून गेले, ‘‘डॉक्टर रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर भेटायचे. साडेदहा-अकरा वाजायचे. तोवर खानावळ बंद. मग दोन केळी आणि ग्लुकोजची बिस्किटं.’’

मी विचारलं, ‘‘आईला कधी सांगितलं नाही तुम्ही?’’

‘‘सांगून काय करायचं? ती पुढच्या वेळी ताटावर बसली की तिला घास गेला नसता.’’

पंचवीस वर्षांत आउटस्टेशनच्या किती रात्री झाल्या असतील? प्रत्येक वेळी घरी आल्यावर आई विचारायची, ‘‘जेवणाची सोय कशी होती?’’ आणि बाबा म्हणायचे, ‘‘उत्तम!’’ तो ‘उत्तम’ म्हणतानाचा त्यांचा आवाज मला आजही आठवतो. हल्ली फोनवर कुणी मला तोच प्रश्न विचारला, की तोच आवाज माझ्या गळ्यातून निघतो.

दगडावरचं मराठी

कामासाठी गेलेला माणूस गाव बघत नाही, असं म्हणतात. ते बरंचसं खरं आहे. स्टेशन, लॉज, कामाची जागा आणि पुन्हा स्टेशन. पण कधी कधी भेटीची वेळ पुढे ढकलली जाते आणि दोन तास पदरात पडतात. तंजावरला मला असेच दोन तास मिळाले. सरस्वती महाल ग्रंथालयातलं काम दुपारी होतं. सकाळी मोठ्या देवळात गेले.

बृहदीश्वराचं ते देऊळ राजराज चोळ याचं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. शिखराकडे बघून मान दुखेपर्यंत बघत राहावं असं. तीन दिवसांत कानांवर मराठीचा एक शब्द पडला नव्हता. प्रदक्षिणा घालत घालत ओवरीच्या एका कोपऱ्यात आले आणि भिंतीवर बघते तर देवनागरी! ओळींमागून ओळी, दगडात कोरलेल्या. सरफोजीराजे भोसले यांनी १८०३ साली कोरवलेला हा शिलालेख. त्यात भोसले कुळाचा सगळा इतिहास आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इकडे आले आणि त्यांच्या वंशानं १८५५ सालापर्यंत तंजावर राखलं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तमिळ मुलुखातल्या देवळाच्या भिंतीवर आपली लिपी बोटानं चाचपडत वाचणं ही वेगळीच गोष्ट.

शेजारी एक तमिळ कुटुंब उभं होतं. त्यांच्या शाळकरी मुलीनं इंग्रजीत विचारलं, ‘‘तुम्हाला हे वाचता येतं?’’ मी हो म्हटल्यावर तिनं आईवडिलांना हाक मारली. मी दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. जुन्या वळणाचं मराठी, अडखळत अडखळतच. अर्थही सांगितला. ती तिघं ऐकत उभी राहिली आणि मुलगी म्हणाली, ‘‘मी रोज शाळेत जाताना या देवळावरून जाते. आज पहिल्यांदा ही भिंत बोलली.’’

तंजावरात आजही मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीत तमिळची लय आहे आणि आपण विसरलेले शब्दही. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, अशी आख्यायिकाही तिथे हौसेनं सांगतात. इतिहास म्हणून ती घ्यायची नाही, पण पानावर सांबार पडताना आठवायला काय हरकत आहे?

पिवळ्या पाटीपासून व्हिडिओ कॉलपर्यंत

फिरतीतला सर्वांत मोठा बदल कुठला, असं बाबांना विचारलं, तर ते गाड्या म्हणत नाहीत, लॉज म्हणत नाहीत. फोन म्हणतात. त्यांच्या तरुणपणी ट्रंक कॉल लावून तासन् तास बसावं लागे. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीला गावोगाव एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या आल्या. रात्र चढत जाई तसा दर उतरत जाई, त्यामुळे जेवणं झाली की बूथबाहेर रांग. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे यायचा. ‘‘अगं, बाबांचा फोन!’’ अशी हाक आली की आई ओल्या हातानं धावायची. ती धावायची बाबांसाठी, आणि बाबा तिकडे काचेच्या खोक्यातला लाल आकडा बघत भराभर बोलायचे. ‘‘मी ठीक. तुम्ही ठीक? फी भरली? ठेवतो.’’ एवढंच. आम्हाला वाटायचं, बाबांना आमच्याशी बोलायला आवडत नाही. तो लाल आकडा आम्हाला कुठे दिसत होता?

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं, कोलकाता आणि दिल्लीच्या दरम्यान. आता मी लॉजच्या खोलीतून फुकटात तासभर बोलू शकते, चेहरा बघू शकते. पण खरं सांगू? माझा सात वर्षांचा मुलगा फोन हातात घेतो, तेव्हा मला त्याचं फक्त कपाळ दिसतं. ‘‘जेवलास?’’ ‘‘हं.’’ ‘‘शाळेत काय झालं?’’ ‘‘काही नाही.’’ मग फोन सोफ्यावर पडतो आणि मी बराच वेळ आमच्या घराचा पंखा बघत बसते. मागे कुकरची शिट्टी, बाबांचं खोकणं, मुलाचं कुणाशी तरी भांडण. आधी वाईट वाटायचं. आता मी फोन ठेवत नाही. पंखा तर पंखा, आपल्याच घरचा आहे!

फिरतीवाल्यांच्या घरासाठी चार गोष्टी

● लहान मुलांना ‘लवकर येईन’ असं सांगू नये. त्यांना तारीख सांगावी. ‘लवकर’ किती लांब असतं, हे मुलांना कळत नाही.

● फिरतीवर असताना घरातल्या सगळ्या निर्णयांना फोनवरून नाक खुपसू नये. मागे राहिलेल्या माणसालाही घर चालवू द्यावं.

● तिकीट, ओळखपत्र आणि औषधं यांची एक वेगळी छोटी पिशवी कायम भरलेली असावी. मोठी बॅग चुकली तरी ती अंगावर राहते.

● परतल्यावर पहिला दिवस कामाचा हिशेब, उरलेला पसारा आणि तक्रारी यांत घालवू नये. आधी एक जेवण सगळ्यांनी बरोबर करावं.

दुधाच्या नोंदी

फिरतीच्या नोकरीत खरा धोका कुठला असेल, तर तो गाडी चुकण्याचा नाही. आपल्याच घरात पाहुणं होण्याचा आहे. चार दिवसांनी परत यावं तर डाळीचा डबा वेगळ्या फळीवर असतो. मुलाचा दात पडलेला असतो आणि तो पडल्याची गोष्ट सगळ्यांना सांगून जुनी झालेली असते. घरातली माणसं आपल्याला चहा आणून देतात, ‘बस, दमली असशील’ म्हणतात. हे प्रेमच आहे. पण घरच्या माणसाला कुणी बस म्हणत नाही, हेही खरं.

मागच्या वर्षी कोल्हापूरचं घर आवरताना जुनी कालनिर्णयं निघाली. आईनं कित्येक वर्षांची जपून ठेवली होती. प्रत्येक चौकोनात तिच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशेब. काही चौकोनांत ‘१’, काही चौकोनांत ‘॥’. मी सहज पानं उलटत होते आणि लक्षात आलं, अर्धा लिटर म्हणजे बाबा आउटस्टेशनला. बाबांना रात्री झोपताना कपभर दूध लागायचं आणि सकाळी दोनदा चहा. ते नसले की आई दूध अर्ध्यावर आणायची. त्या पैशांचं काय केलं, असं बाबांनी विचारलं असतं, तर बहुधा आमची सहल नाही तर वह्या निघाल्या असत्या.

मी ती पानं मोजायला बसले. एका वर्षाच्या फेब्रुवारीत अर्ध्याचे चौकोन सतरा होते. आई कधी म्हणाली नव्हती, की तुम्ही फार दिवस बाहेर असता. बाबा कधी म्हणाले नव्हते, की मी केळी खाऊन झोपतो. दोघांनी एकमेकांपासून जे लपवलं, त्यातलं निम्मं त्या कॅलेंडरनं राखून ठेवलं होतं. ती पानं मी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, फेब्रुवारीचं पान बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, ‘‘तेव्हा बेळगावला नवीन औषध लाँच होतं.’’ मग पुढचं पान उलटलं. आई जाऊन आता चार वर्षं झाली.

ठाण्याला आमच्याकडे दूध मोबाइलच्या अॅपवरून येतं. हिशेब लिहावा लागत नाही. पण कोल्हापूरहून आल्यावर बाबांनी बाजारातून एक कालनिर्णय आणलं आणि स्वयंपाकघरात मुलाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर टांगलं. मी निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडून परतीची तारीख वदवून घेतो आणि त्या चौकोनात इंजिन काढतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक एक चौकोन खोडायचा, असा आजोबा-नातवाचा नियम आहे.

गेल्या खेपेला माझी गाडी धुक्यामुळे नऊ तास उशिरा पोचली. घरी आले तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. सगळे झोपलेले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर भिंतीवर अठरा तारखेचं इंजिन खोडलेलं होतं आणि एकोणिसाच्या चौकोनात नवं काढलेलं होतं, धुरासकट.

आमच्या प्रवासखर्चाच्या बिलात एक रकाना असतो, ‘मुख्यालयी परत आल्याची तारीख’. सकाळी ऑफिसात जाऊन तो भरला. एकोणीस.